टर्बो बदलण्याआधी पीव्हीसीची एक टोपी विकत घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला की नाही ते तुम्हालाच कळेल. वडिलांनी २००५ मध्ये घेतलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या तुमच्या जुन्या वाड्याच्या चौकात चार वर्षं उभी आहे. नवी बॅटरी घालून सेल्फ मारला तर चालू झाली, पण आयडलिंग वर-खाली होतं, रेस दिली की शूंऽऽ असा आवाज येतो आणि दम काही लागत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला. तुमच्याकडे दीड लाख आहेत. त्यात टर्बो बदलायचा, रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, युरोपातल्या गाडीसारखे १८० पीएस (अश्वशक्ती) काढायचे आणि होईल तेवढं काम घरी करायचं असा बेत आहे. नाहीतर विकावी का, असंही विचारलंय. आणि शेवटी सहज एक ओळ लिहिली आहे, की वहिनी मुलांना या गाडीत बसवायला तयार नाहीत.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. गाडी पळेल का, हा प्रश्न फार लांबचा. ती मे महिन्यात मुलांना घेऊन झाशीला जाऊन परत येईल का, वाटेत तापणार नाही ना, ब्रेक दाबल्यावर सरळ थांबेल ना, हे आधी ठरायला हवं. तिथून उलट मागे आलं तर कामाचा क्रम आपोआप लागतो, आणि त्या क्रमात टर्बो बराच खाली येतो.

मी तेवीस वर्षं इथेच, ग्वाल्हेरात, फ्यूल इंजेक्शनच्या बेंचवर काम केलं. आता थाटीपूरला घरामागच्या शेडमध्ये फक्त स्वतःची आणि मित्रांची खाज भागवतो. माझ्याकडे २००४ ची आरएस आहे, २०१६ मध्ये दिल्लीहून आणलेली. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचं सावट आलं होतं आणि जुन्या गाड्यांचे भाव पडले होते. ग्वाल्हेर दिल्लीपासून सव्वातीनशे किलोमीटरवर, त्यामुळे एनओसी घेऊन तिकडच्या कितीतरी गाड्या आपल्याकडे आल्या. माझी त्यातलीच एक.

तरीही इथे बसून तुमच्या गाडीबद्दल बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, म्हणून काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडतो. घरात दुसरी चालू गाडी आहे का? नसेल तर हे काम घरी सुरूच करू नका. घाईत केलेलं काम दोनदा करावं लागतं. चौकाची फरशी सपाट आहे का? जुन्या वाड्यांमध्ये पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार असतो, आणि उतारावर जॅक लावलेली गाडी केव्हाही सरकते. उभी राहण्याआधी गाडी कधी खूप तापली होती का, हे घरात कुणाला आठवतं का? तापली असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) चौकशी आधी करावी लागेल आणि पुढचा सगळा हिशेब बदलेल.

आणि कागद. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. तुमची गाडी २००५ ची, म्हणजे २०२० मध्ये नूतनीकरण झालं असलं तरी ती मुदत २०२५ मध्ये संपली. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० केलं. आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. पाना हातात घेण्याआधी आरटीओत एक चक्कर मारा. गाडी सुंदर झाली आणि कागदावर मेलेलीच राहिली, असं मी एका मित्राच्या बाबतीत पाहिलंय.

आता टर्बोकडे येऊ.

तुमच्या इंजिनात टर्बोच्या आधी, एअर फिल्टरच्या लगेच पुढे, एक मास एअर फ्लो सेन्सर आहे. आत किती हवा गेली ते तो मोजतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) ओढ असते, म्हणजे बाहेरची हवा आत खेचली जाते. तिथे कुठे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन वर-खाली करत राहतं. तुम्ही रेस दिली की टर्बो हवा दाबतो आणि तीच चीर उलटी चालायला लागते. मोजलेली हवा बाहेर फेकली जाते, पेट्रोल मात्र मोजल्याप्रमाणे पडतं, मिश्रण घट्ट होतं, दम जातो, कधी काळा धूरही येतो. दोन तक्रारी दिसतात, भोक एकच. तुम्ही लिहिलेला शूंऽऽ आवाज मला त्या भोकाचा वाटतो.

टर्बो खरंच गेला तर लक्षणं वेगळी असतात. शाफ्ट ढिला झाला की सायरनसारखा किंवा घासल्याचा आवाज येतो, सील गेलं की निळा धूर येतो आणि ऑइल कमी व्हायला लागतं. आणि मुख्य म्हणजे आयडलिंगला टर्बो जवळजवळ रिकामाच फिरत असतो. तो मेला म्हणून आयडलिंग बिघडायचं कारण नाही. गॅरेजवाल्याच्या निदानात मला खटकलं ते हेच.

माझ्या गाडीला २०१७ मध्ये अगदी हेच झालं होतं. मी स्वतः या धंद्यातला, तरी मोहात पडलो. दिल्लीहून रिकंडिशन टर्बो मागवला, दोन रविवार घालवून बसवला, चावी फिरवली, आणि आवाज जसाच्या तसा. तिसऱ्या रविवारी मॅनिफोल्डखाली हात घालून चाचपडत होतो तर क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या) वाफा नेणारा वाकडा होज हातात तुटून आला. बोटभर चीर. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. तो जुना, धडधाकट टर्बो अजून माझ्या कपाटात आहे. दर दिवाळीच्या सफाईत बाहेर येतो आणि दर वर्षी मी काहीतरी कारण सांगून परत आत ठेवतो.

तेव्हापासून मी आधी हवेची चाचणी करतो. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपची शेवटची टोपी आणा. सेन्सर काढल्यावर रबरी होजचं जे तोंड उघडं पडतं ते मोजून न्या. टोपीला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा. टोपी होजच्या तोंडात घालून क्लॅम्प आवळा आणि पायाच्या पंपाने हवा भरा. दाब सात-आठ पीएसआयच्या वर नेऊ नका. तुमच्या इंजिनाचा मूळ बूस्टच अर्ध्या बारच्या (साधारण सात पीएसआय) आसपास असतो, त्यामुळे तेवढ्यात सगळं कळतं. क्रँककेसकडे जाणारा होज आधी बंद करायला विसरू नका, नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात शिरून ऑइल सीलवर दाब येईल. मग रेडिओ बंद, पोरांना घरात पाठवा आणि कान लावा. साबणाचं पाणी फवारलं की जिथे फुगे येतील ती जागा तुमची.

बहुतेक वेळा दोषी निघतात ते मॅनिफोल्डखालचे वाफेचे होज, त्यातला छोटा वन-वे व्हॉल्व, इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजचे ढिले क्लॅम्प आणि रेस सोडल्यावर जादा दाब वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व. डायव्हर्टर व्हॉल्वच्या आत रबराचा पडदा असतो. बाहेरून व्हॉल्व नवा दिसतो आणि आत पडदा फाटलेला असतो. तो काढा, दांडा आत दाबा, वरच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवा आणि दांडा सोडा. दांडा लगेच परत आला तर पडदा गेला.

हे सगळं झाल्यावर स्कॅनर लावा. साधा कोड रीडर पुरत नाही. या गाड्यांना व्हीसीडीएससारखं, फोक्सवॅगन घराण्याच्या (स्कोडा त्यातलीच) गाड्यांसाठी बनवलेलं साधन लागतं. ग्वाल्हेरात कुणाकडे तरी असतं, त्याला चहा पाजा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पी१२९७ म्हणजे टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये दाब पडतोय, म्हणजे पुन्हा होज. एक कच्चा ठोकताळा सांगतो: पूर्ण रेसमध्ये, वरच्या आरपीएमला स्कॅनरवर हवेचा आकडा सेकंदाला जितके ग्रॅम येतो त्याची सव्वापट करा, साधारण तेवढी ताकद इंजिन देतंय. आपल्याकडच्या १५० पीएसच्या गाडीत १२० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. गळती बंद करूनही तो ८०-८५ वर अडकला, तर आधी सेन्सर त्याच्या खास स्प्रेने साफ करा. मग टर्बोवर संशय घ्या. पण हा आकडा ब्रेक आणि टायर झाल्याशिवाय रस्त्यावर घ्यायचा नाही, हे लक्षात असू द्या.

या चाचणीपूर्वीची काही कामं राहिली, ती आता सांगतो. खरं तर आधी सांगायला हवी होती, पण टर्बोचं ऐकल्याशिवाय तुम्ही पुढे वाचलं नसतं.

ही कामं झाल्याशिवाय गाडी पुन्हा चालू करू नका. चार वर्षांचं पेट्रोल टाकीत असेल तर ते पेट्रोल राहिलेलं नाही. वास घेऊन बघा, वार्निशसारखा येईल. टाकी रिकामी करा, पेट्रोलचा फिल्टर बदला. बॉनेटखाली आणि मागच्या सीटखाली उंदरांची घरटी आहेत का ते टॉर्च मारून बघा. जुन्या बाजारातल्या वाड्यांत धान्याची दुकानं शेजारी असली की वायरिंगला हमखास दात लागतात. आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा. या इंजिनाला एका सिलिंडरला पाच, असे वीस व्हॉल्व आहेत. बेल्ट तुटला तर पिस्टन त्यांच्यावर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टवर किती किलोमीटर झालेत हे तुम्ही सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी मी वर्षं मोजतो. पाच वर्षांच्या वर मी बेल्ट ठेवत नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि पंप एकाच वेळी बदला. काही पंपांची पाती प्लॅस्टिकची येतात, मी धातूच्या पात्यांचा पंप मागून घेतो. हे काम घरी करावं का? पहिल्यांदा नाही. त्यासाठी उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं आणि इंजिन खालून तोलून धरावं लागतं. ज्याने या इंजिनाचा बेल्ट आधी बदललाय अशा माणसाकडे जा आणि उभं राहून बघा. बेल्ट बसल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का, हे तो बघतो का ते तुम्ही बघा. न बघता सेल्फ मारायला निघाला तर तिथेच हात धरा.

आता इंजिन थंड ठेवण्याचं. आपल्या गावात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि त्यात तुम्ही बाड्यावरून दौलतगंजकडे एसी लावून इंचाइंचाने सरकत असता. या गाडीचा खरा कस तिथे लागतो, महामार्गावर नाही. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मीटरवरचा तापमानाचा काटा मुद्दाम मंद ठेवलेला आहे. खरं तापमान ७५ ते १०५ च्या दरम्यान कुठेही फिरत असलं तरी काटा ९० वर गपगुमान उभा असतो. तो ९० च्या वर सरकायला लागला म्हणजे गोष्ट आधीच पुढे गेलेली असते. म्हणून मी स्कॅनरवर खरा आकडा बघितल्याशिवाय कुठल्याही जुन्या आरएसला 'तापत नाही' असं प्रमाणपत्र देत नाही.

घरी सहज करण्यासारखी चाचणी अशी. इंजिन चालू, एसी लावा. रेडिएटरचा पंखा लगेच हळू वेगाने फिरायला हवा. फिरला नाही, आणि बऱ्याच वेळाने एकदम जोरात सुरू झाला, तर हळू वेगाचा रेझिस्टर जळलेला आहे. हे फार गाड्यांत होतं आणि मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही, कारण हिवाळ्यात काहीच बिघडत नाही. मग हेडच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला प्लॅस्टिकचा फ्लँज आहे, त्यातून होज निघतात आणि त्यातच तापमानाचा सेन्सर बसतो. वीस वर्षं तापून हे प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं. गळत नसला तरी बदलाच, सोबत ओ-रिंग आणि सेन्सरही. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) ८७ अंशांना उघडणारा येतो. तो काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला इथे सर्रास मिळतो, तो ऐकू नका. उन्हाळ्यात एकवेळ चालून जाईल, पण जानेवारीच्या धुक्यात इंजिन गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो पेट्रोल ओतत राहतो आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

कूलंट गुलाबी, जी-१२ जातीचं. आधी कुणी हिरवं किंवा निळं भरलं असेल तर त्यावर गुलाबी ओतू नका. दोन्ही मिसळून तपकिरी गाळ होतो आणि हीटरच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. सगळं काढा, डिमिनरलाइज्ड पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग निम्मं-निम्मं भरा. बोअरचं पाणी तर मुळीच नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर जे पांढरं बसतं तेच रेडिएटरच्या आत बसतं.

ब्रेकबद्दल मी कुणाचं ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका. चार वर्षं उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल काढून डॉट ४ भरायचं, रबरी होज सगळे बदलायचे, डिस्क गंजली असेल तर ती आणि पॅड जोडीने बदलायचे. मागच्या कॅलिपरचे पिस्टन नुसते दाबून आत जात नाहीत, दाबत-दाबत फिरवावे लागतात, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यांच्या आत असते. हे मला पहिल्यांदा माहीत नव्हतं. सी-क्लॅम्प लावला, जोर केला, कट्‌ असा आवाज आला आणि कॅलिपर आतून मोडला. फिरवायचं हत्यार मिळतं, ते आधी घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असू दे, सहा वर्षांच्या पुढच्या टायरवर मी मुलांना बसवत नाही. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचे, स्पार्क प्लग ३० ला. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर तो पहिल्या दिवशी विकत घ्या, रिमॅपच्या पैशांतून. आणि गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबून कधीही नाही. दोन भक्कम घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची, मगच खाली सरकायचं. हे वाक्य लिहिताना माझा चेहरा तुम्हाला दिसला असता तर बरं झालं असतं.

ऑइल: ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० असं लिहिलेलं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, साधारण साडेचार लिटर मावतं. गाडीचा इतिहास अर्धवट माहीत असेल तर मी चेंबर उतरवतोच. आतल्या जाळीवर काळा गाळ बसलेला असतो, ऑइल वर कमी पोहोचतं आणि सगळ्यात आधी मरतो तो टर्बो. म्हणजे टर्बो वाचवायचा असेल तर पैसे इथे घाला. चेंबरचे बोल्ट काढणं सोपं आहे. जुनं सीलंट खरवडायला अख्खी दुपार जाते, तेव्हा जेवून बसा.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. तुमची गाडी बनली तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे एव्हरेज सहा-सात टक्क्यांनी खाली येणार हे धरून चला. खरी काळजी जुन्या रबरी पेट्रोल होजची. इथेनॉलला टिकणारे होज मागा, क्लॅम्पही नवे लावा आणि नंतर महिनाभर बॉनेट उघडून वास घेत राहा. इथेनॉल टाकीच्या तळाचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा बदला. ते हवेतला ओलावाही धरतं, तेव्हा गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवू नका. दुसरी बाजूही सांगतो, कारण सगळे फक्त शिव्याच घालतात: या इंधनाचा ऑक्टेन जास्त आहे, ९५. तुमच्या टर्बो इंजिनाला तो मानवतो. पूर्वीच्या ९१ च्या पेट्रोलवर उन्हाळ्यात माझी गाडी जी नॉकिंग करायची, ती आता करत नाही.

पार्टसाठी मॉडेलचं नाव घेऊन दुकानात जाऊ नका. 'ऑक्टेव्हिया आरएस' म्हटलं की दुकानदाराचा चेहरा आणि भाव दोन्ही बदलतात. जुना पार्ट काढा, त्यावरचा नंबर वाचा आणि नंबर सांगा. ०६ए ने सुरू होणारे पार्ट या इंजिनाच्या घराण्याचे, १जे० ने सुरू होणारे चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचे, १यू ने सुरू होणारे खास ऑक्टेव्हियाचे. म्हणजे फक्त १यू चे पार्ट दुर्मिळ, बाकीचे जगभर बनतात. शेवटचं अक्षर सुधारित आवृत्तीचं असतं. पुढचं अक्षर मिळालं तर बहुधा चालतं, पण विचारून घ्या. सकाळच्या गाडीने दिल्लीला जाऊन काश्मिरी गेटला दोन-तीन दुकानं फिरलात तर रात्री घरी परत याल. तिथे खोके बघून भुलू नका, पार्टवर कोरलेला नंबर आणि वेल्डिंग-मोल्डिंगचा दर्जा हातात घेऊन बघा. डोअर ग्लास, आतली बटणं, दिव्यांच्या काचा यांसाठी जुना माल चालतो. ब्रेक, बेल्ट, होज, सस्पेन्शनचे बुश यांत जुनं काहीही नको.

पैशांचं म्हणाल तर माझी विभागणी अशी. दीड लाखातले पन्नास हजार बाजूला काढून विसरून जा, ते गाडी तुम्हाला स्वतःच आठवून देईल. उरलेल्या एक लाखात टायर आणि ब्रेक पहिले, मग बेल्ट-पंप-कूलंट, मग होज आणि ऑइल, मग पुढच्या सस्पेन्शनमधले कंट्रोल आर्मचे बुश आणि लिंक रॉड. लोंबणारं छताचं कापड, चिकट झालेली आतली प्लॅस्टिकं, रंग, हे सगळं शेवटी. छताचं कापड वहिनींना सगळ्यात आधी दिसेल हे मला मान्य आहे. ते तात्पुरतं टाचण्यांनी धरून ठेवा.

रिमॅपवर माझं मत तुम्हाला आवडणार नाही. भारतात आलेली ही गाडी १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटरची, युरोपातली १८० ची, हे खरं. पण १८० ची गाडी तेव्हा नवी होती. तुमचं इंजिन, क्लच, टर्बो आणि होज वीस वर्षांचे आहेत. बूस्ट वाढवला की सगळ्यात कमकुवत होज आधी फुटतो, आणि मग तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल. शिवाय मूळ बनावटीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे आणि विमा कंपनीपासून लपवलेला फेरफार दाव्याच्या वेळी बाहेर येतो. एक पूर्ण उन्हाळा गाडी मूळ ताकदीवर चालवा. मी माझी आजतागायत रिमॅप केली नाही, आणि शिवपुरीच्या रस्त्यावर मला कधी काही कमी पडलं नाही. सगळे १५० घोडे जागे असलेली आरएस फार कमी लोकांनी चालवली आहे, बहुतेकांच्या शंभर-सव्वाशेच असतात.

विकावी का, हेही विचारलंत. आज, या अवस्थेत विकली तर भंगाराच्या थोडा वर भाव येईल. ब्रेक, बेल्ट, कूलंट आणि गळत्या इतकं करून कागद ताजे केलेत तर ठेवायचं की विकायचं हे तुम्ही शांतपणे ठरवू शकाल, आणि घातलेल्या पैशांतले काही परतही येतील. पण वीस वर्षांच्या गाडीत घातलेले सगळे पैसे परत मिळतील असं कुणी सांगितलं तर तो काहीतरी विकतोय. जानेवारीत ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सच्या सवलतीची जाहिरात झळकली की नवी गाडी घ्यायचा मोह होईलच, आणि तुम्हाला फक्त बिनतक्रार प्रवास हवा असेल तर तो मोह बरोबर आहे. ही गाडी ठेवायची तर रविवारचे दोन तास द्यावे लागतात, कायमचे. डिकीत ५२८ लिटर जागा, मागची सीट पाडली की अख्खी खाट जाते, आणि घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाठीला बसणारा तो हलका धक्का, या गोष्टी मला त्या दोन तासांच्या लायकीच्या वाटतात. तुम्हाला वाटतील असं नाही.

या रविवारी एवढंच करा: टाकी रिकामी करा, टायरचे आकडे वाचा, पीव्हीसीची टोपी बनवून हवा भरा. फुगे कुठे आले त्याचा फोटो, टायरचे चार आकडे आणि कूलंटच्या टाकीतल्या पाण्याचा रंग इथे टाका. पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय, मग पुढचं काही विकत घेऊ नका, आधी मला कळवा.